४४३ नाबाद, आणि राहून गेलेल्या नऊ धावा

अमेरिकन क्लायंटबरोबर दोनतीन वर्षं काम केलं की इच्छा असो वा नसो, दोन गोष्टी कळायला लागतात. पहिली म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात प्रॉडक्शनला काहीही टाकायचं नसतं. दुसरी म्हणजे बेसबॉल. सोमवारी संध्याकाळी कॉल सुरू झाला की पहिली पाच मिनिटं वीकेंडच्या सामन्यांवर जातात. आपण इकडे म्यूटवर चहा पीत बसायचं. असं ऐकून ऐकून मला 'नो-हिटर' हा शब्द कळला, आणि मग त्याचं जरा वेडच लागलं.

प्रकार असा. बेसबॉलमध्ये एका संघाला साधारण नऊ इनिंग्ज मिळतात आणि दर इनिंगला तीन आउट, म्हणजे सामन्यात सत्तावीस आउट. या सगळ्या वेळात पिचरने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही, म्हणजे चेंडू टोलवून कोणालाही सरळ बेस गाठता आला नाही, तर तो नो-हिटर. आणि कुठल्याच कारणाने एकही माणूस बेसवर पोचला नाही तर तो 'परफेक्ट गेम'. आपल्याकडे डावात दहाच्या दहा बळी घेण्याचं जे अप्रूप, साधारण तेच.

आमच्या क्लायंटकडचा एक सीनियर न्यूयॉर्क मेट्सचा भक्त. मेट्स हा संघ १९६२ सालचा आणि त्यांचा पहिला नो-हिटर कधी, तर १ जून २०१२ ला! योहान सान्ताना नावाच्या पिचरने केला, संघाच्या ८०२० व्या सामन्यात. पण हा गृहस्थ सान्तानाबद्दल फारसं बोलतच नाही. बोलतो कोणाबद्दल, तर टॉम सीव्हर आणि ९ जुलै १९६९ बद्दल. सीव्हरने त्या दिवशी पहिले पंचवीसच्या पंचवीस बॅटर परत पाठवले होते. फक्त दोन आउट उरले होते. आणि जिमी क्वॉल्स नावाच्या, पुढे कोणी ओळखही ठेवली नसती अशा नवख्या पोराने एक साधा हिट मारला. संपलं. आज मेट्सवाल्यांना या क्वॉल्सचं नाव पाठ आहे. त्याची कारकीर्द अगदी छोटी, पण ते नाव पुसलं जात नाही.

मला याची गंमत वाटली. झालेल्या विक्रमाची तारीख सांगायला तो विकिपीडिया उघडतो आणि न झालेला तोंडपाठ! म्हटलं, आपल्याकडे असा संघ कोणता? हुकलेल्या गोष्टींनीच ज्याची ओळख सांगावी असा?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. महाराष्ट्र.

इथे एक खुलासा. मी मूळचा वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा. म्हणजे रणजीच्या हिशोबात महाराष्ट्राचा नाही, विदर्भाचा. आपल्या एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ही गोष्ट मी ऑफिसातल्या दिल्लीच्या पोराला समजावून देऊन थकलोय ("लेकिन नागपुर तो महाराष्ट्र में ही है ना?" "है भी और नहीं भी."). त्यामुळे पुण्यात राहून महाराष्ट्राच्या संघाबद्दल लिहिताना मी तटस्थ आहे असं समजा. शेजाऱ्याच्या लग्नात जेवताना असतो तेवढा तटस्थ.

तर महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३, २०१३-१४ असे अंतिम सामने खेळले आणि हरले. पण मला सांगायचं आहे ते या फायनल्सचं नाही. मला सांगायचं आहे डिसेंबर १९४८ चं.

पूना क्लबचं मैदान. पुणे स्टेशनपासून फार लांब नाही, आजही आहे. समोर काठियावाडचा संघ. काठियावाडने आधी फलंदाजी केली आणि सगळे मिळून २३८ धावा झाल्या. मग महाराष्ट्र खेळायला उतरला आणि उतरला तो उतरलाच. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे, वय नुकतंच एकोणतीस पूर्ण, आणि कमल भांडारकर या दोघांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर गेले. दुसऱ्या विकेटची ही भागीदारी पुढे १९७४ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून राहिली. निंबाळकर मात्र गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झालं तेव्हा फलकावर महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ४९४ मिनिटं खेळपट्टीवर, ४९ चौकार, एक षटकार.

त्या वेळचा प्रथम श्रेणीतला जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा, ४५२ नाबाद. जानेवारी १९३० मध्ये सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध केलेला. म्हणजे बरोबरीला नऊ धावा, मोडायला दहा. ज्याने ४४३ केल्यात त्याला दहा धावांसाठी किती वेळ लागेल? दोन षटकं? तीन?

काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. म्हणजे संस्थानिक. संस्थानं विलीन होत होती तो काळ, पण क्रिकेटच्या मैदानावर साहेब साहेबच होते. त्यांनी मध्यंतरात निरोप दिला, महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. दोन षटकं खेळू द्या, विक्रम झाला की डाव सोडतो, अशी विनवणी झाल्याचं सांगतात. ठाकोरसाहेब ऐकले नाहीत. काठियावाडचा संघ पुन्हा मैदानात उतरला नाही. सामना तिथेच संपला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. नक्की काय झालं हे कळायलाच वेळ लागला. निंबाळकर आउट झाले नाहीत, जखमी झाले नाहीत, पाऊस आला नाही, वेळ संपला नाही, त्यांच्या कप्तानाने डाव सोडला नाही. समोर खेळायला कोणी उरलं नाही, एवढंच.

बेसबॉलवाल्यांना हे सांगून पाहिलं तर त्यांना झेपत नाही. त्यांच्याकडची सर्वांत हळहळ लावणारी गोष्ट म्हणजे २ जून २०१० ची, डेट्रॉइटची. आर्मान्दो गॅलारागा नावाच्या पिचरने सव्वीसच्या सव्वीस बाद केले होते. सत्तावीसावा माणूस पहिल्या बेसवर स्पष्ट आउट होता, आणि पंच जिम जॉइस यांनी त्याला सेफ दिलं. परफेक्ट गेम गेला. सामन्यानंतर जॉइस यांनी रीप्ले पाहिला आणि आपण चुकलो हे तिथल्या तिथे कबूल केलं. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांना नेऊन द्यायची असते, ती द्यायला मुद्दाम गॅलारागालाच पाठवलं गेलं, आणि जॉइस यांना मैदानावर रडू आवरेना. निर्णय मात्र बदलला गेला नाही. आपण हे वाचताना दोघांच्याही बाजूने होतो. माणसाची नजर चुकली, होतं.

ठाकोरसाहेबांची नजर चुकली नव्हती.

आता दुसरी बाजू पण मांडतो, कारण ती आहे. प्रामाणिकपणे बघितलं तर सामन्यात काही उरलं नव्हतं. २३८ च्या उत्तरात ८२६, म्हणजे ५८८ ची आघाडी. पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागणार, तो कधीच लागला होता. काठियावाडची पोरं दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावत होती. निव्वळ समोरच्याचा एक आकडा व्हावा म्हणून आपण अजून का धावायचं, असं कप्तानाला वाटलं तर तो अगदीच राक्षस ठरत नाही. आणि आपला संघ विक्रमाच्या यादीत 'विरुद्ध' या रकान्यात कायमचा जाणार, ही भीतीही असेल. (गंमत म्हणजे तो रकाना त्यांना चुकला नाहीच. विक्रम न होताही काठियावाडचं नाव आज लोकांना माहीत आहे ते याच सामन्यामुळे!)

मला स्वतःला हा युक्तिवाद पटत नाही, पण का पटत नाही हे सांगायला रिठदला यावं लागेल.

आमच्याकडे शाळेच्या पटांगणावर क्रिकेट चालायचं. एका बाजूला तुरीचं शेत, त्यात चेंडू गेला की दहा मिनिटं शोधाशोध आणि तोवर फलंदाजाने पाणी पिऊन घ्यायचं. गावातल्या पोरांत खरी म्हणावी अशी बॅट एकच होती आणि ती ज्याची, तोच कायम कप्तान. एका दिवाळीच्या सुट्टीत माझा मोठा चुलतभाऊ खेळत होता. दादाच्या सत्तेचाळीस झाल्या होत्या. त्या पटांगणावर तोवर कोणी पन्नास केल्याचं कोणाला आठवत नव्हतं, कारण सगळे दहा-बारा षटकांचे सामने. सगळी पोरं मोजत होती. समोरच्या संघाचे कप्तान बॅटवाले. ते आले, दादाच्या हातातून बॅट घेतली आणि म्हणाले, "बॅट माही हाये, मी चाल्लो घरी."

झालं. दादा तेव्हापासून गावात 'सत्तेचाळीस' या नावाने ओळखला जातो. आज त्याचं कृषी केंद्र आहे, दोन पोरं आहेत, केस पिकलेत, पण पारावरून हाक येते ती "ओ सत्तेचाळीस!" अशीच. बॅटवाले पण गावातच आहेत. त्यांना विचारलं तर सांगतात, "अबे दिवस बुडाला होता, चेंडू दिसत नोता." आणि दादा म्हणतो, "मले तर दिसत होता ना!"

या दोघांतलं भांडण मी वीस वर्षं ऐकतोय आणि मला एक गोष्ट लक्षात आलीय. दादाला पन्नास न झाल्याचं दुःख नाहीये. तो आउट झाला असता तर दोन दिवसांत विसरला असता. त्याचं म्हणणं एवढंच, की मला आउट करायला पाहिजे होतं. तीन धावा करताना मी चुकलो असतो, पकडला गेलो असतो, तर ते माझं. हे माझं नाही.

निंबाळकरांच्या बाबतीत हेच आहे. विक्रम व्हायलाच हवा होता असं कोणीच म्हणत नाही. ते ४४४ वर बोल्ड झाले असते तरी चाललं असतं. नंतर पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदने जानेवारी १९५९ मध्ये ब्रॅडमनला मागे टाकलं, त्याचं काय झालं बघा. दिवसाचे शेवटचे दोन चेंडू उरले होते, फलक दाखवत होता ४९६, आणि स्ट्राइक आपल्याकडे ठेवावा म्हणून हनीफ दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि धावबाद झाला. परत जाताना बघतो तर फलक बदललेला, ४९९! आधीचा आकडाच मागे होता. खरे ४९८ झाले होते, धोका घ्यायचं कारण नव्हतं. आम्हा प्रोग्रामर लोकांना याचं दुःख विशेष समजतं, जगातला सर्वांत महागडा ऑफ-बाय-वन तो हाच (बरं, इथे दोनचा होता. ह. घ्या.). पण हनीफचं कसं, तो धावला आणि बाद झाला. गोष्टीला शेवट आहे. ४४३ च्या पुढे छापलेली ती चांदणी, नाबादची, आजही लोंबकळत आहे.

ब्रॅडमननी निंबाळकरांना निरोप पाठवला की तुमची खेळी माझ्यापेक्षा सरस होती, असं सांगितलं जातं. निवड समितीने मात्र काही निरोप पाठवला नाही. निंबाळकर बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, महाराष्ट्राकडून, रेल्वेकडून. प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतकं. भारताकडून अधिकृत कसोटी एकही नाही. एकही कसोटी न खेळलेल्या माणसाची जगातली सर्वांत मोठी खेळी म्हणून हीच खेळी नोंदली जाते. मला वाटतं नऊ धावांपेक्षा हे जास्त लागण्यासारखं आहे. ब्रॅडमनचा विक्रम मोडणारा माणूस म्हणून नाव झालं असतं तर निवडणाऱ्यांना त्याला टाळणं अवघड गेलं असतं का? कोण जाणे. पण त्या मध्यंतरात सुटलं ते फक्त स्कोअरबुकातलं पान नव्हतं, असं मला राहून राहून वाटतं.

असो. आता जरा गोलंदाजांकडे येऊ, कारण नो-हिटरचं खरं नातं त्यांच्याशीच.

महाराष्ट्राकडे वसंत रांजणे नावाचे मध्यमगती गोलंदाज होते, पुण्याचे. १९५६-५७ च्या मोसमात ते रणजीत पहिल्यांदा खेळले, सौराष्ट्राविरुद्ध (म्हणजे नाव बदललेलं जुनं काठियावाडच! नियतीला विनोदबुद्धी असते). पहिल्याच सामन्यात एका डावात ३५ धावांत ९ बळी. नऊ! पहिल्याच सामन्यात दहाच्या दहा घेण्यापासून एक बळी लांब.

पुढे डिसेंबर १९५८ मध्ये याच रांजण्यांना कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत पहिली संधी मिळाली. त्या सामन्यात मुंबईच्या सुभाष गुप्त्यांच्या लेगस्पिनने कहर केला होता. १०२ धावांत ९ बळी. दहावा पण त्यांच्याच नावावर लागायचा, लान्स गिब्ज. गुप्त्यांच्या चेंडूवर गिब्जचा झेल उडाला आणि यष्टिरक्षक नरेन ताम्हाण्यांच्या हातून सुटला. ताम्हाणे म्हणजे त्या काळातले सर्वांत सफाईदार यष्टिरक्षक, गुप्त्यांचे मुंबईचेच साथीदार, त्यांची गोलंदाजी कोळून प्यायलेले. त्यांच्याच हातून. मग तो गिब्ज कोणी काढला? रांजण्यांनी. कसोटीतला पहिला बळी, ज्याचा आनंद आयुष्यभर पुरायचा, आणि तो नेमका दुसऱ्याचा दहावा.

बिचाऱ्यांनी काय करायला हवं होतं? १९९९ च्या फेब्रुवारीत फिरोजशाह कोटलावर अनिल कुंबळेने नऊ घेतल्यावर समोरच्या टोकाकडून जवागल श्रीनाथने मुद्दाम चेंडू बाहेर बाहेर टाकले, दोन तर वाइड गेले, हे आपण टीव्हीवर पाहिलंय. कुंबळेला दहा मिळाले, ७४ धावांत. आपण टाळ्या वाजवल्या आणि वाजवायलाच हव्या होत्या, भारत जिंकत होता. पण पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या पोराने कानपूरला असं करावं? आणि तेही तो सामना अजून कुठेच लागलेला नसताना? वेस्ट इंडिज २२२, भारतही २२२. बरोबरीत चाललेला सामना. दुसऱ्या डावात वेस्ट इंडिजने सोबर्सच्या १९८ च्या जोरावर ७ बाद ४४३ वर डाव सोडला (हो, ४४३च. हा आकडा पाठ सोडत नाही) आणि भारत २०३ धावांनी हरला. रांजण्यांनी त्यांचं काम केलं, इतकंच. मला तर त्यांचा हा बळी फार आवडतो.

गुप्त्यांच्या बाबतीत हळहळ जरा कमी व्हावी म्हणून सांगतो, त्यांनी १९५४ मध्ये मुंबईकडून पाकिस्तानच्या एका पाहुण्या संघाविरुद्ध दहाच्या दहा घेतलेच होते, ७८ धावांत. असं करणारे ते पहिले भारतीय.

आता हा ७८ चा आकडा मला आमच्या विदर्भाकडे घेऊन जातो, आणि ही गोष्ट सांगताना मी अजिबात तटस्थ नाही. नोव्हेंबर १९८५, जोधपूर. राजस्थानच्या प्रदीप सुंदरमने एका डावात दहा बळी घेतले, ७८ धावांतच, आणि सामन्यात सोळा. कोणाविरुद्ध? विदर्भाविरुद्ध. म्हणजे आम्ही इतिहासात गेलो ते त्या 'विरुद्ध'च्या रकान्यातून.

माझा मामा ही गोष्ट सांगायचा तेव्हा मला लहानपणी लाज वाटायची. आकाशवाणीवर रणजीचे स्कोअर सांगताना विदर्भ कायम हरलेला असायचा, पेपरात तळाला बारीक टायपात यायचा. पण आज त्या जोधपूरच्या संघाबद्दल मला एक प्रकारचा आदर वाटतो. पाच गेले, सहा गेले, आठ गेले, नऊ गेले, सगळे एकाच माणसाने काढले. अकरावा माणूस पॅड बांधून गेला ना आत? पोट दुखतंय म्हणून बसला नाही. गेला, खेळला आणि आउट झाला. सुंदरमचा विक्रम खरा ठरला तो विदर्भाचा शेवटचा माणूस चालत मैदानात गेला म्हणून. ठाकोरसाहेबांच्या संघाने जे केलं नाही ते आमच्या हरणाऱ्या संघाने केलं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुले लय समजते." हे कौतुक होतं की काय ते वऱ्हाडीत नक्की सांगता येत नाही :)

विदर्भाचे दिवस पुढे फिरले हे सगळ्यांना माहीत आहे. २०१७-१८, २०१८-१९ आणि मग २०२४-२५, तीन वेळा रणजी करंडक. त्यातही हुकलेलं एक आहेच. मार्च २०१८ मध्ये नागपूरला इराणी करंडकात चाळीस वर्षांचा वसीम जाफर आमच्याकडून खेळत होता. २८६. त्रिशतकाला चौदा कमी. विदर्भाने ७ बाद ८०० करून डाव सोडला. पण जाफर बाद झाला होता, त्यामुळे गावात यावर भांडणं झाली नाहीत. चार दिवस "अरे यार" झालं आणि विषय संपला. दादाचा मुद्दा तोच तर आहे.

आता परत महाराष्ट्राकडे, आणि भागीदाऱ्यांकडे. १९४६-४७ च्या रणजी फायनलमध्ये बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. गुल ३१९, हजारे २८८. जगातल्या कुठल्याही विकेटची सर्वांत मोठी भागीदारी. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोला श्रीलंकेच्या जयसूर्या आणि महानामा यांनी भारताची जी धुलाई केली ती ज्यांनी पाहिली त्यांना विसरणं शक्य नाही. सहा बाद ९५२! आमच्या डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला आणि नंतर दोन दिवस ही जोडी फुटेना. फुटली तेव्हा भागीदारी झाली होती ५७६. एक धाव कमी. हजारे-गुल यांचा विक्रम एका धावेने वाचला! आपण तेव्हा मार खाण्यात इतके गुंग होतो की हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६२४ केल्या आणि तो विषय मिटला.

की मिटला नाही? ऑक्टोबर २०१६. त्या मोसमात रणजीचे सामने तटस्थ मैदानांवर होते, म्हणून महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली हा सामना वानखेडेवर. महाराष्ट्र २ बाद ४१. कप्तान स्वप्निल गुगळे खेळतोय, त्याच्या जोडीला अंकित बावणे येतो. त्यानंतर महाराष्ट्राची विकेट पडलीच नाही. गुगळे ३५१ नाबाद, बावणे २५८ नाबाद, धावफलक २ बाद ६३५. भागीदारी ५९४. हजारे-गुल यांचा रणजीतला विक्रम सत्तर वर्षांनी मोडला. जागतिक विक्रमाच्या बरोबरीला तीस धावा, मोडायला एकतीस. दोघंही नाबाद, गोलंदाज थकलेले.

आणि गुगळेने डाव घोषित केला. स्वतः कप्तान, स्वतः खेळपट्टीवर, स्वतःच्या ३५१ वर.

ऑफिसात त्या आठवड्यात दोन तट पडले होते. एक म्हणत होते, वेडा आहे, एकतीस धावा म्हणजे पाच षटकं. दुसरे म्हणत होते, सामना जिंकायचा असेल तर वीस बळी घ्यावे लागतात, वेळ काढून कसं चालेल? सामना काही जिंकला नाही. दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ ठोकले, दिल्लीने ५९० केल्या, आणि सामना अनिर्णित. पहिल्या डावाच्या आघाडीचे गुण महाराष्ट्राला. मी त्या वेळी पहिल्या तटात होतो. आजही मला ती पाच षटकं खेळायला हवी होती असंच वाटतं. दिल्लीने तब्बल ५९० केल्यावर पाच षटकांनी काय फरक पडणार होता? पण गुगळेचं आणि निंबाळकरांचं हुकणं मी एका यादीत टाकायला तयार नाही. एकाने बॅट स्वतः काखेत मारली आणि चालत बाहेर आला. दुसरा मध्यंतरानंतर परत जायला तयार होऊन बसला होता.

एकाच संघाच्या नावावर, अडुसष्ट वर्षांच्या अंतराने. मेट्सवाल्या गृहस्थांना मी हे दोन्ही आकडे मेलवर लिहून पाठवले. बेसबॉलच्या माणसाला 'डाव घोषित करणे' समजावून देण्यात तीन परिच्छेद गेले. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. त्यात गुगळेबद्दल एक अक्षर नव्हतं. विचारलं होतं, की तो पहिला संघ निघून गेला तेव्हा पंचांनी नऊ धावा देऊन का टाकल्या नाहीत?

मी उत्तर दिलं की तसा नियम नाही.

ब्रॅडमनच्या पुढे हनीफ गेला, हनीफच्या पुढे जून १९९४ मध्ये ब्रायन लारा, ५०१ नाबाद. त्या यादीत ४४३ चौथ्या जागेवर आहे. भारतात त्याच्या जवळ कोणी गेलेलं नाही. संजय मांजरेकरचे ३७७ होते, मग जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध पृथ्वी शॉने ३७९ केल्या आणि तो पायचीत झाला. चौसष्ट धावा लांब. तेव्हा तो मुंबईकडून खेळत होता. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात आला.

निंबाळकरांना बीसीसीआयने सी. के. नायडू पुरस्कार दिला तेव्हा त्या सामन्याला पन्नासहून जास्त वर्षं उलटली होती. ते कोल्हापुरातच राहायचे. जन्म १२ डिसेंबर १९१९ चा. गेले ते ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना. दादाला फोनवर हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "अन् त्यो राजकोटवाला? त्याले कोनी इचारलं का नाई पुढं?"